छोटं बाथरूम उबदार कसं करायचं: फरशीखालची मॅट, टॉवेल रेडिएटर की दोन्ही?

फरशीखाली घालायच्या इलेक्ट्रिक मॅटवर '१५० वॉट प्रति चौरस मीटर' असं छापलेलं असतं. बाथरूम ४ चौरस मीटरचं, म्हणजे ६०० वॉट झाले, एवढ्यात खोली तापेल, असा हिशेब बरेच जण करतात. हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो.

पहिली चूक जागेची. शॉवरचा ट्रे, टब, कमोड आणि भिंतीला टेकलेलं कपाट यांच्याखाली मॅट घालत नाहीत. भिंतीच्या कडेनेही पाच सेंटिमीटर सोडावे लागतात. २ मी. × २ मी.च्या बाथरूममध्ये हे सगळं वजा केलं की जेमतेम २ चौरस मीटर उरतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते. मॅट कितीही वॉटची असली तरी खोलीला उष्णता मिळते ती फरशीच्या वरच्या पृष्ठभागातून, आणि पृष्ठभाग किती उष्णता देईल हे तो हवेपेक्षा किती गरम आहे यावरच ठरतं. फरक एका अंशाचा असेल तर दर चौरस मीटरला साधारण १० ते ११ वॉट, एवढंच. फरशी हवी तितकी तापवताही येत नाही. ईएन १२६४ या युरोपीय मानकात बाथरूमच्या फरशीला ३३ अंश सेल्सिअसची मर्यादा आहे. त्याहून गरम फरशी अनवाणी पायांना नकोशी वाटते. खोली २४ अंशांवर आणि फरशी ३३ वर असेल तर फरक ९ अंशांचा, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १०० वॉट. मोकळी जागा २ चौरस मीटर, म्हणजे मिळणार २०० वॉट. पाकिटावरच्या १५० पैकी उरलेली ताकद फरशी लवकर तापवायला उपयोगी पडते. एकदा तापली की थर्मोस्टॅट मॅट बंद-चालू करत राहतो.

त्यामुळे खरेदीला निघण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

खोलीला किती वॉट लागतात

सूत्र सोपं आहे. प्रत्येक भिंतीचं क्षेत्रफळ × तिचा यू-अंक × आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक. सगळ्या भिंती, छत, खिडकी यांची बेरीज करायची आणि हवेतून जाणारी उष्णता त्यात मिळवायची: ०.३३ × तासाला किती वेळा हवा बदलते × खोलीचं घनफळ × तापमानातला फरक. यू-अंक म्हणजे दर चौरस मीटरमधून दर अंशाला किती वॉट निसटतात तो आकडा. इन्सुलेशन नसलेल्या २३ सेंटिमीटरच्या विटांच्या भिंतीचा साधारण २, चांगलं इन्सुलेशन असलेल्या भिंतीचा ०.३, साध्या दुहेरी काचेच्या खिडकीचा २.८ आणि एकेरी काचेचा ५ च्या वर.

वरचंच बाथरूम घेऊ. उंची २.५ मी., एकच भिंत बाहेरची, तीत अर्ध्या चौरस मीटरची दुहेरी काचेची खिडकी. बाहेर ० अंश, आत २४ हवेत, शेजारच्या खोल्यांत २०.

बाहेरची भिंत ४.५ × २ × २४ = २१६ वॉट. खिडकी ०.५ × २.८ × २४ = ३४. आतल्या तीन भिंती आणि छत मिळून १९ चौरस मीटर, १९ × २ × ४ = १५२. तासाला दीड वेळा हवा बदलते असं धरलं तर ०.३३ × १.५ × १० × २४ = ११९. एकूण ५२१ वॉट. थंड खोली लवकर तापावी म्हणून वर २० टक्के धरा, म्हणजे सव्वासहाशे.

फरशी देणार २००. उरलेले सव्वाचारशे दुसरीकडून आणावे लागतील, आणि बहुतेक वेळा ते टॉवेल रेडिएटरकडूनच येतात. मात्र बाहेरच्या भिंतीला चांगलं इन्सुलेशन असेल तर २१६ च्या जागी ३२ येतात आणि सगळं चित्रच बदलतं. तिथे फरशीचा वाटा निम्म्याहून जास्त होतो. भिंत उघडून काम चाललंच असेल तर इन्सुलेशनवर खर्च केलेला पैसा कुठल्याही हीटरपेक्षा जास्त काम करतो.

पंख्याचं गणितही बघून ठेवा. सेकंदाला १५ लिटर हवा ओढणारा एग्झॉस्ट पंखा तासाला ५४ घनमीटर हवा बाहेर टाकतो. तिच्या जागी खिडकीच्या फटीतून ० अंशांची हवा आत आली तर ती २४ अंशांपर्यंत तापवायला ४२८ वॉट लागतात. तीच हवा घरातून, २० अंशांची आली तर फक्त ७१. म्हणून पंखा चालू असताना खिडकी घट्ट बंद ठेवायची आणि दाराखाली साधारण १० मिमीची फट सोडायची. दार खालून बंदिस्त केलं की ऊब टिकते असं वाटतं, पण पंखा हवा दुसऱ्या फटीतून ओढतोच.

कुठे काय बसवावं

फरशी उखडायची नसेल तर प्रश्नच नाही, टॉवेल रेडिएटर. मॅट टाइलच्या खाली जाते, टाइलवर नाही.

फरशी नव्याने बसवणार असाल तर दोन्ही घ्या: मोकळ्या जागेत मॅट आणि भिंतीवर मध्यम आकाराचा रेडिएटर. मॅटमुळे पायांना गारवा लागत नाही आणि फरशी लवकर वाळते, हवा तापवायचं काम रेडिएटर करतो. फक्त मॅट तेव्हाच पुरते जेव्हा हिशेबाचा आकडा मोकळ्या चौरस मीटरच्या शंभरपटीत बसतो.

टॉवेल वाळवायची ५० ते १०० वॉटची दांडीही मिळते. तिने टॉवेल वाळतो, खोली तापत नाही. दुकानात ती 'हीटेड' म्हणून रेडिएटरच्या शेजारीच टांगलेली असते, तेव्हा वॉट वाचून घ्या.

घरात गरम पाण्याची केंद्रीय यंत्रणा असेल तर फरशीखाली पाण्याचे पाइपही घालता येतात. १६ मिमीचा पाइप १५० मिमी अंतराने घातला तर चौरस मीटरला सुमारे पावणेसात मीटर लागतो. नेहमीच्या पद्धतीत पाइपवर कोबा येतो, म्हणजे इन्सुलेशन धरून फरशी बरीच वर उचलली जाते. खाचा पाडलेल्या पातळ बोर्डात १० ते १२ मिमीचा पाइप बसवायचे प्रकारही आहेत, ते १५ ते २० मिमीत मावतात. बाकी घरात रेडिएटर आणि फक्त बाथरूममध्ये पाइप असेल तर स्वतंत्र पंप-मिक्सर न लावता परतीच्या पाण्याचं तापमान रोखणारा झडप, म्हणजे आरटीएल व्हॉल्व्ह, पुरतो. तो परतीच्या बाजूलाच बसवायचा. येणाऱ्या बाजूला बसवला तर तो गरम पाणी बघून लगेच बंद होतो आणि फरशी थंडच राहते. दोन-तीन चौरस मीटरसाठी मात्र इलेक्ट्रिक मॅटच सोयीची, म्हणून पुढचं सगळं तिच्याबद्दल.

विजेचं काम: यात तडजोड नाही

मॅट आणि इलेक्ट्रिक रेडिएटरची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायची. त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते मात्र तुम्हाला माहीत हवं.

विजेच्या जोडणीच्या आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या बाथरूमविषयीच्या भागात (७-७०१) खोलीचे विभाग पाडले आहेत. टब किंवा ट्रेच्या आतली जागा विभाग ०. तिच्या वर २.२५ मीटर उंचीपर्यंत विभाग १. त्याच्या बाजूला आणखी ६० सेंटिमीटर विभाग २. ट्रे नसलेल्या उघड्या शॉवरमध्ये विभाग १ पाण्याच्या तोंडापासून १.२ मीटरपर्यंत पसरतो. विभाग १ आणि २ मधल्या उपकरणाला किमान आयपीएक्स४, म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून, संरक्षण हवं. थर्मोस्टॅट, स्विच, सॉकेट या विभागांच्या बाहेर. छोट्या बाथरूममध्ये बाहेर जागाच उरत नाही, म्हणून थर्मोस्टॅट दाराबाहेरच्या भिंतीवर लावतात. स्थानिक नियम याहून कडक असतील तर ते पाळायचे.

सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि दोन्ही तारा तोडणारा स्विच हवाच. मॅटच्या तारेला धातूचं वेष्टण असलं पाहिजे आणि ते अर्थिंगला जोडलेलं असलं पाहिजे. कधी कोणी खिळा मारला तर आरसीसीबी उडतो तो या वेष्टणामुळे. वेष्टण नसलेली स्वस्त तार बाथरूमसाठी नाही.

मॅटवरचा व्होल्ट घरातल्या व्होल्टशी जुळतो का ते बघा. २४० व्होल्टची मॅट १२० वर लावली तर चौथा हिस्सा उष्णता देते, उलट केलं तर चौपट तापून जळते. परदेशातून मागवलेल्या मालात हे घडतं.

मॅट निवडताना

आधी मोकळ्या जागेचा आराखडा मापांसह काढा. कमोडचा पाया, ट्रॅप (पाणी वाहून जायचं फरशीतलं तोंड), दार आत उघडत असेल तर दाराच्या अडकणीचा स्क्रू, सगळं त्यात दाखवा. मोकळी जागा २.१ चौरस मीटर भरली तर २ चौरस मीटरची मॅट घ्या, २.५ ची नको. तापणारी तार कापून लहान करता येत नाही. तिची लांबी हाच तिचा रोध, लांबी कमी केली की वॉट वाढतात आणि ती जळते. कापता येते ती फक्त तार जिच्यावर बसवलेली असते ती जाळी. जाळी कापून मॅट वळवायची, तार अखंड ठेवायची.

मॅट साधारण ५० सेंटिमीटर रुंदीची असते. कमोडभोवतीच्या वेड्यावाकड्या जागेत सुटी तार सोपी पडते. तिचं अंतर काढायचं सूत्र: १००० × तारेचे वॉट प्रति मीटर ÷ हवे असलेले वॉट प्रति चौरस मीटर. १२ वॉटची तार आणि १५० हवे असतील तर अंतर ८० मिमी.

१५० की २००? लाकडी फरशीवर १५०. काँक्रीटवर खाली इन्सुलेशन असेल तर १५० पुरतात, कडाक्याच्या थंडीत २०० मुळे फरशी लवकर तापते. चालू राहताना दोघींत फारसा फरक पडत नाही, त्याचं कारण वर आलंच आहे.

इन्सुलेशन बोर्डाला पर्याय नाही. सिमेंटचा पातळ थर दिलेले, आत एक्सपीएस (घट्ट, पाणी न शोषणारा) फोम असलेले ६ किंवा १० मिमीचे बोर्ड मिळतात. उंची परवडत असेल तर १० मिमी घ्या. बोर्डाशिवाय काँक्रीटवर मॅट घातली तर आधी खालचा स्लॅब तापतो आणि टाइल कोमट व्हायला काही तास लागतात. बोर्ड असेल तर अर्ध्या-पाऊण तासात फरक कळतो. मॅट चालत नाही अशा तक्रारींमागे बऱ्याचदा बोर्ड वाचवलेला असतो.

इतर सामान: फरशीच्या सेन्सरसह थर्मोस्टॅट (बहुतेक १६ अँपिअरचे असतात, तेवढे पुरून उरतात), १६ ते २० मिमीचे दोन कंड्युइट पाइप (तारा आतून न्यायचे), प्रायमर, सेल्फ लेव्हलिंग मिश्रण, वॉटरप्रूफिंग, सी२ एस१ दर्जाचं (जास्त पकडीचं, लवचीक) टाइल चिकटवण, टाइलच्या सांध्यांत भरायचं लवचीक ग्राउट, कडेसाठी सिलिकॉन, मल्टिमीटर. तारेचं विजेचं इन्सुलेशन तपासायचा ५०० व्होल्टचा मेगर इलेक्ट्रिशियनकडे असतो.

मॅट घालण्याचा क्रम

१. रोध मोजा. मॅट पेटीतून काढताच मल्टिमीटरने दोन तारांमधला रोध बघा आणि लेबलशी ताडा. उणे ५ ते अधिक १० टक्के फरक चालतो. लेबल नसेल तर व्होल्टचा वर्ग भागिले वॉट: २३० व्होल्ट आणि ३०० वॉटला सुमारे १७६ ओहम. सेन्सरही मोजा. नेहमीचा १० किलोओहमचा सेन्सर २५ अंशांना १०, तर २० अंशांना साडेबाराच्या आसपास दाखवतो. गुंडाळलेली मॅट 'चालते का बघू' म्हणून लाइनला लावू नका, घड्यांमध्ये उष्णता कोंडून वेष्टण वितळतं.

२. तळ तयार करा. जुनी फरशी, धूळ, तेलकटपणा काढा. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवली तर खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसू नये. लाकडी फरशी पायाखाली दबत असेल तर आधी ती मजबूत करा. हलणाऱ्या तळावर टाइल तडकतात, त्यात मॅटचा काही दोष नसतो.

३. बोर्ड बसवा. काँक्रीटवर दातेरी थापीने पूर्ण चिकटवण लावून, लाकडावर स्क्रू-वॉशरने. विटांसारखे सांधे चुकवून लावा, सांध्यांवर टेप मारा. खाली पोकळी राहिली तर पुढे टाइलही पोकळ वाजते.

४. भिंतीत खाच पाडून दोन कंड्युइट थर्मोस्टॅटपर्यंत न्या, एक मॅटच्या थंड (न तापणाऱ्या, जोडणीच्या) तारेसाठी, एक सेन्सरसाठी. सेन्सरच्या कंड्युइटचं फरशीतलं टोक टेपने बंद करा म्हणजे मिश्रण आत जाणार नाही. वळण मोठं ठेवा. पुढे सेन्सर बिघडला तर जुना ओढून नवा सरकवता आला पाहिजे, एवढ्यासाठीच तर कंड्युइट.

५. सेन्सर तापणाऱ्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर आत, दोन तारांच्या बरोबर मध्ये. ज्या बाजूने तारेचा वेढा उघडा आहे त्या बाजूने आणा, म्हणजे तो तापणाऱ्या तारेला ओलांडणार नाही. गरम पाण्याच्या पाइपजवळ किंवा जिथे पायपुसणं पडणार आहे तिथे नको.

६. मॅट पसरा. थर्मोस्टॅटच्या बाजूने सुरुवात करा. तार तारेवरून कधीही जाऊ देऊ नका, दोन तारांमध्ये ठरल्यापेक्षा कमी अंतर होऊ देऊ नका. थंड आणि तापणाऱ्या तारेचा सांधा तारेपेक्षा जाड असतो, त्याच्यासाठी बोर्डात खाच पाडा. तो फरशीतच, पूर्ण चिकटवणात बुडालेला हवा. भिंतीच्या खाचेत किंवा कंड्युइटमध्ये सरकवलेला सांधा हवेत राहतो आणि तिथेच जळतो. मॅट नीट चिकटवा, नाहीतर लेव्हलिंग ओतताना तार तरंगून वर येते.

७. पुन्हा रोध मोजा, मेगरने इन्सुलेशन तपासा (थर्मोस्टॅट जोडलेला नसताना). गाभ्याची तार आणि अर्थ यांच्यात १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर पुढे जायचं नाही. बहुतेक उत्पादक याहून मोठा आकडा मागतात. मग मोजपट्टी जमिनीवर ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा. कमोडचे स्क्रू आणि दाराची अडकण कुठे घ्यायची हे नंतर त्याच फोटोवरून ठरतं.

८. मॅट झाका. सपाट फरशीवर ८ ते १० मिमी सेल्फ लेव्हलिंग ओता. ज्या बाथरूममध्ये सगळ्या फरशीला ट्रॅपकडे उतार आहे तिथे हे मिश्रण चालत नाही. ते स्वतःची पातळी शोधतं आणि दिलेला उतार बुजवून टाकतं. तिथे लवचीक चिकटवणाचाच पातळ थर, प्लास्टिकच्या थापीने, उतार धरून ओढायचा. लोखंडी दातेरी थापी तारेवर घासली की वेष्टण कापतं आणि त्या क्षणी काहीच कळत नाही.

९. थर वाळल्यावर त्याच्यावर वॉटरप्रूफिंग, कोपऱ्यांना आणि ट्रॅपभोवती पट्टी लावून. वॉटरप्रूफिंग तारेच्या वर आलं की तार कोरडी राहते.

१०. टाइल बसवा. चिकटवण टाइलखाली पूर्ण भरलं पाहिजे, पोकळी नको. सांध्यातलं जादा चिकटवण सुरीने खरवडू नका, ओलं असतानाच पुसा. टाइल मॅटवर ठेवून कापू नका. भिंतीलगत ५ ते १० मिमी जागा ग्राउटने न भरता सिलिकॉनने भरा, फरशी तापली की थोडी पसरते. टाइल झाल्यावर तिसऱ्यांदा रोध आणि इन्सुलेशन मोजा. तिन्ही आकडे वॉरंटी कार्डावर लिहून ठेवा, त्याशिवाय वॉरंटी सहसा मिळत नाही.

आणि मग थांबा. चिकटवण आणि ग्राउट पूर्ण मुरायला किमान आठवडाभर, जाड सिमेंटचा कोबा असेल तर तीन ते चार आठवडे. लवकर वाळावं म्हणून मॅट चालू करणं ही टाइल सुटण्याची खात्रीची वाट आहे. पाणी उडून जातं आणि सिमेंट पकड घेण्याआधीच भुसभुशीत होतं. पहिल्या दिवशी २० अंश, मग रोज थोडं थोडं वाढवत हव्या त्या तापमानापर्यंत.

टॉवेल रेडिएटर

तीन प्रकार: घरातल्या गरम पाण्याच्या यंत्रणेला जोडलेला, फक्त विजेवरचा, आणि दोन्हींवर चालणारा. तिसरा बाथरूमसाठी सर्वांत सोयीचा, कारण उन्हाळ्यात बॉयलर बंद असतानाही ओला टॉवेल वाळवावा लागतोच.

पेटीवरचे वॉट मात्र जसेच्या तसे धरू नका. ईएन ४४२ या रेडिएटरच्या युरोपीय मानकाप्रमाणे ते पाणी ७५ अंशांनी आत, ६५ अंशांनी बाहेर आणि खोली २० अंश अशा स्थितीत मोजलेले असतात, म्हणजे पाणी आणि हवेत सरासरी ५० अंशांचा फरक. तुमचा फरक वेगळा असेल तर छापील वॉट × (तुमचा फरक ÷ ५०) चा १.३ वा घात. २४ अंशांच्या बाथरूममध्ये ७५/६५ च्या पाण्यावर साधारण ९० टक्के मिळतात. ५५/४५ च्या पाण्यावर ४३ टक्के. हीट पंपाच्या ४५/४० वर जेमतेम २७ टक्के, म्हणजे ६०० वॉटचा रेडिएटर १६५ वॉटचा होतो. अशा घरात रेडिएटरमध्ये विजेचा एलिमेंट घालणं किंवा खूप मोठा रेडिएटर घेणं, दोनच मार्ग.

चकचकीत क्रोमचा रेडिएटर त्याच मापाच्या पांढऱ्या रंगवलेल्यापेक्षा २० ते ३० टक्के कमी उष्णता देतो. क्रोमच्या पृष्ठभागातून उष्णतेचं प्रारण कमी होतं, बाकी काही नाही. ५० × १२० सेंटिमीटरचा पांढरा साधारण ५५० वॉटचा, तर तेवढाच क्रोमचा ४०० च्या आसपास. वर टॉवेल टाकले की दोन्ही आणखी घटतात. छोट्या खोलीत क्रोमचा हट्ट परवडत नाही.

पाणी कुठलं फिरणार, हे विकत घेण्याआधीच विचारा. बंद यंत्रणेत तेच ते पाणी फिरतं, त्यात गंजरोधक रसायन घातलं की साधा पोलादी रेडिएटर टिकतो. वापराच्या गरम पाण्याच्या लाइनवर जोडायचा असेल तर रोज ताजं, ऑक्सिजन असलेलं पाणी येतं आणि पोलाद आतून गंजून सुईएवढी भोकं पडतात. तिथे स्टेनलेस स्टील, पितळ किंवा तांबंच हवं.

बसवताना आधी पाणसळ लावून ब्रॅकेटच्या खुणा करा. टाइलवर चिकटपट्टी लावून, हॅमर बंद ठेवून टाइलच्या बिटने भोक पाडा. टाइल पार झाली की मग भिंतीसाठी हॅमर. पोकळ भिंतीत स्क्रूमागे लाकूड किंवा प्लायवूड हवं: पाणी भरलेला रेडिएटर, त्यावर ओले टॉवेल आणि आधारासाठी धरलेला हात, एवढं वजन येतं. पाइपची तोंडं भिंतीबाहेर काढण्याआधी रेडिएटर हातात असू द्या. कॅटलॉगमधलं रुंदीचं माप आणि पाइपच्या मध्यांमधलं अंतर ही दोन वेगळी मापं आहेत, शिवाय त्यात व्हॉल्व्हची लांबी मिळवायची असते.

जोड अर्धा इंची असतात. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच, १२ ते १५ वेढे. एका बाजूला चालू-बंद करायचा व्हॉल्व्ह, दुसऱ्या बाजूला प्रवाह ठरवणारा लॉकशील्ड. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह लावायचा असेल तर त्याचं डोकं रेडिएटरपासून बाहेरच्या बाजूला वळवा. त्यावर टॉवेल लोंबला की त्याला खोली तापली असं वाटतं आणि तो लवकर बंद होतो. भरल्यावर वरच्या कोपऱ्यातून हवा काढा, मग यंत्रणेचा दाब परत १ ते १.५ बारवर आणा.

दोन्हींवर चालणाऱ्या रेडिएटरबद्दल एक धोक्याची गोष्ट. एलिमेंट खालच्या तोंडात, टी-जोडातून उभा बसतो. तो चालू असताना एकच व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसरा उघडाच ठेवायचा. पाणी तापलं की फुगतं. दोन्ही बंद असतील तर त्याला जायला जागा नसते, दाब वाढतो आणि सांधे फुटतात. एलिमेंटचे वॉट रेडिएटरच्या क्षमतेपेक्षा जास्त नकोत, नाहीतर तो सतत स्वतःच्या सुरक्षेने बंद होत राहतो. रिकाम्या रेडिएटरमध्ये चालू केला तर तो लगेच जळतो. फक्त विजेवरचा घ्यायचा असेल तर कारखान्यात भरून सीलबंद केलेला घ्या, घरी द्रव भरताना फुगायला वर जागा सोडणं बरेच जण विसरतात.

तापमान, वेळ आणि वीज

थर्मोस्टॅट दाराबाहेर असेल तर त्यात 'फ्लोअर सेन्सर' हाच मोड निवडा. हवेच्या मोडवर तो बाहेरच्या बोळातलं तापमान वाचतो आणि बाथरूममध्ये काय चाललंय याचा त्याला पत्ताच नसतो. २७ ते २९ अंश बहुतेकांना पुरतात, कमाल मर्यादा ३३ वर ठेवा. वापराच्या पाऊण ते एक तास आधी मॅट सुरू होईल अशी वेळ लावा, रेडिएटरला अर्धा तास पुरतो.

३०० वॉटची मॅट पूर्ण ताकदीने रोज तीन तास चालली तर ०.९ युनिट. ५०० वॉटचा रेडिएटर दोन तासांना एक युनिट घेतो, पण थर्मोस्टॅट आणि टायमर नसलेला तोच रेडिएटर विसरून चोवीस तास चालला तर बारा. टायमरचे पैसे इथेच वसूल होतात.

जाड, रबरी तळाचं पायपुसणं तापलेल्या फरशीवर कायम ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. आणि ट्रॅपमधलं पाणी तापलेल्या फरशीत लवकर आटतं. क्वचित वापराच्या बाथरूममध्ये दुर्गंधी यायला लागली तर आधी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा.

बिघाड आणि कारणं

फरशी अजिबात तापत नाही, थर्मोस्टॅट चूक दाखवतो: सेन्सर तुटलेला, किंवा थर्मोस्टॅटमध्ये सेन्सरचा प्रकार चुकीचा निवडलेला. कंड्युइट घातलेलं असेल तर हे दहा मिनिटांचं काम.

कोमट होते पण हवी तेवढी नाही: कमाल मर्यादा खाली ठेवलेली, किंवा बोर्ड नाही. दुसऱ्या कारणावर फरशी न उखडता इलाज नाही, फक्त सुरू करायची वेळ बरीच आधी ओढता येते.

कुठे गरम पट्टे, कुठे गार: तारांमधलं अंतर असमान, किंवा टाइलखाली पोकळी.

रेडिएटर वरून गार, खाली गरम: हवा अडकली आहे. खालून गार, वर गरम: गाळ साठला आहे, काढून धुवावा लागेल. एकच रेडिएटर गार आणि बाकी घर गरम: लॉकशील्ड फार बंद आहे, पाव-पाव वेढा उघडत बघा.

आरसीसीबी उडतो: आधी मॅट थर्मोस्टॅटपासून सुटी करून पुन्हा मेगर लावा. इन्सुलेशन चांगलं आलं तर दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा वायरिंगमध्ये. वाईट आलं तर तारेत किंवा सांध्यात ओल शिरली आहे किंवा कोणीतरी भोक पाडलं आहे, तेव्हा आधी दाराची अडकण आणि कमोडचे स्क्रू फोटोशी ताडून बघा. दोन तारांमधला रोध अनंत दाखवत असेल तर तार तुटली आहे. अशा वेळी पूर्ण फरशी काढावी लागत नाही. तज्ज्ञ उपकरणाने तुटलेली जागा शोधतो, तिथली एक-दोन टाइल काढून उत्पादकाच्या दुरुस्ती किटने जोड देतो आणि पुन्हा टाइल लावतो. त्यासाठी त्याच बॅचच्या चार टाइल सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवलेल्या हव्यात, नंतर त्या रंगाच्या मिळत नाहीत.